दुसरा सबवूफर

एका खोलीत दोन सबवूफर, म्हणजे नुसत्या खर्जाचे स्पीकर, ठेवणारी विश्रामबागेतली मी एकटीच बाई असेन, आणि त्याबद्दल मला कुणालाही काही समजावून सांगायचं नाही. शेजारच्या काकूंनी "डीजे काढताय काय?" असं विचारलं, तेव्हा मी सरळ हो म्हणाले.

आई गेल्यावर बाबा खंडाळ्याहून माझ्याकडे आले. लेकीच्या घरात बाप पाहुणाच, म्हणून त्यांनी खुर्ची दाराजवळ ओढली ती तिथंच राहिली. गावच्या भजनी मंडळात त्यांनी जन्मभर पखवाज वाजवला. त्याचं रेकॉर्डिंग मी संध्याकाळी लावायचे. एकदा ते म्हणाले, "डाव्या हाताचं कायच ऐकू येईना. कणीक कमी लावली व्हती का म्या?" पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, म्हणजे आवाज खोल निघतो.

साताऱ्याचा माझा दादा म्हणाला, बाबांचे कान गेले. पुढचे सहा महिने आम्ही तेच धरून चाललो. कानाला यंत्र लावायचं ठरलं तेव्हा बाबांनीही मुकाट मान डोलावली, आणि माझं डोकंच फिरलं. मी जाऊन त्यांच्या खुर्चीत बसले. डावा हात मलाही ऐकू येईना. सोफ्यावर मात्र तोच हात चांगला घुमत होता.

दुकानदार फोनवर म्हणाला, "खोलीत काही जागा अशा मुक्या असतात, मॅडम. खुर्ची हलवा, नाहीतर दुसरा सबवूफर घ्या. पहिल्याचा आवाज जिथं पडतो, तिथं दुसरा भरून काढतो."

खुर्ची मी हलवणार नव्हते. सबवूफरचा नवा डबा आणून बाबांच्या खुर्चीत ठेवला, पहिला बंद करून पखवाज सुरू केला आणि पन्नाशी ओलांडलेल्या गुडघ्यांवर भिंतीकडेनं रांगत सुटले. खुर्चीतला आवाज जिथं घुमतो, तिथून तो खुर्चीतही घुमतो, असं दुकानदारानंच सांगितलं होतं. जिथं खर्ज नीट घुमला, तिथं तो डबा ठेवला, पहिलाही सुरू केला आणि बाबांना त्यांच्या जागी बसवलं.

त्यांनी अख्खं भजन ऐकलं. डावा हात मांडीवर पडत होता. मी तोऱ्यात दादाला फोन लावला आणि नेहमीसारखा स्पीकरवर टाकला.

बाबा फोनकडे वाकले. "कान शाबूत हायत माझं. सहा म्हैनं तुमी दोघं माझ्यासमोर मी नसल्यागत बोलताय. म्हाताऱ्याला कुणी ठिवायचं, किती दिस ठिवायचं. समदं ऐकलंय म्या."

बाबा फोनमध्ये बोलत होते, पण बघत माझ्याकडे होते.