पाच पोरांचे दात आणि मामंजींची सुकेळी

माझ्या नणंदेची तीन मुलं दर मे महिन्यात आगाशीला आमच्याकडे येत. माझी दोन धरून पाच. त्या वर्षी वन्संनी पोरांच्या ट्रंकेत तीन ब्रश, पेस्टची एक नळी आणि चार पानी पत्र घालून दिलं. पत्रात दुसरं काही नव्हतं, नुसते दात. मधल्या मुलाच्या, म्हणजे नऊ वर्षांच्या माझ्या भाच्याच्या, खालच्या दाढेला कीड लागायला सुरुवात झाली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी सुट्टीभर गोड बंद करायला सांगितलं होतं. शेवटी लिहिलं होतं, ‘वहिनी, तुझ्यावर सोपवते आहे.’

सोपवते आहे! केळीच्या वाडीत, ऐन सुकेळीच्या दिवसांत!

आमच्या अंगणात तेव्हा मांडवावर सुकेळी वाळत असत. राजेळी केळी पिकवून, सोलून आठवडाभर उन्हात टाकली की ती तांबूस आणि चिकट होतात. दाताला बसली की जिभेनं निघत नाहीत, बोट घालावं लागतं. आणि त्या मांडवाची राखण करायला कोण, तर माझे सासरे. मामंजींच्या तोंडात एक दात उरला नव्हता आणि नातवंडांना नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

पहिले चार दिवस मी सकाळी पाचही जणांना विहिरीपाशी उभं करून दात घासून घेतले. माझी दोघं राखुंडीनं, ती तिघं ब्रशनं. पाचव्या दिवशी दोन ब्रश सापडेनात. शोधत रहाटाकडे गेले तर धाकटा भाचा बैलाच्या शिंगांना पेस्ट लावून घासत होता आणि माझी मुलगी बैलाला ‘आ कर’ म्हणत होती. पेस्टची नळी पार चपटी झालेली. दुसऱ्या दिवसापासून सगळे राखुंडीवर आले.

घासणं मी करून घेत होते. पण दुपारी मी भांडी घासायला मागे गेले की पडवीत चिडीचूप व्हायचं. पाच पोरं घरात असताना अशी शांतता? एके दिवशी हात तसेच राखेचे घेऊन मी पुढे आले. मामंजी झोपाळ्यावर बसलेले, खाली चटईवर पाचही जणं झोपलेली, आणि प्रत्येकाचा एक गाल फुगलेला.

“मामंजी, हे काय?”

“हळू बोल, सूनबाई. आत्ता कुठं डोळा लागलाय.”

“तोंडात सुकेळं ठेवून?”

“त्याशिवाय झोपत नाहीत ती. आणि दुधाचे दात ते. पडायचेच आहेत.”

मी एकेकाच्या तोंडात बोट घालून सुकेळं काढलं. मधल्यानं झोपेत माझं बोट चावलं. संध्याकाळी मालक मुंबईहून कचेरीतून आले तेव्हा त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “मी बाबांना काय सांगणार?” आणि पेपर उघडला. मी मांडवावरची सुकेळी मोजायला लागले, तर मामंजी मांडवावर टाकायच्या आधीचीच सोललेली केळी देऊ लागले. वाळलेल्या सुकेळ्यांचा डबा माळ्यावर ठेवला, तर पोरांना खांद्यावर घेऊन माळा दाखवू लागले. सासऱ्यांसमोर मान वर करून बोलायची तेव्हा रीत नव्हती. मी भिंतीशी बोलायची, भांड्यांशी बोलायची.

तिसऱ्या आठवड्यात मधल्याचा गाल सुजला. या वेळी त्यात सुकेळं नव्हतं. लवंगेचं तेल झालं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या. सकाळपर्यंत डोळा झाकण्याइतकी सूज चढली. मी त्याला घेऊन विरारला डॉक्टरांकडे निघाले, तर मामंजी धोतर सावरत मागोमाग एसटीत चढले.

डॉक्टरांनी दाढ बघितली. “काढावी लागेल.”

मामंजी म्हणाले, “दुधाचीच ना?”

“नाही. ही सहाव्या वर्षी येते ती कायमची दाढ. आता तिथं दुसरी येणार नाही.”

दाढ काढताना पोरगं ओरडलं तेव्हा मामंजी उठून बाहेर गेले. मीच त्याचे दोन्ही हात धरून बसले. माझ्या मनगटावर त्याची नखं उमटली.

आम्ही स्टँडवर आलो. मी तिकिटाचे सुटे पैसे काढत होते. वळून बघते तर मामंजींनी पोराच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवलेली!

“रडत होता गं,” ते म्हणाले. “दुसऱ्या बाजूनं चोखेल.”

माझं डोकं फिरलं. गोळी हिसकावून मी रस्त्यात भिरकावली. डोक्यावरचा पदर पडला, तो सावरलाही नाही. “आता दुसऱ्या बाजूचे पाडायचेत का? तुमच्या लाडापायी पोराची दाढ गेली, अजून पोट भरलं नाही तुमचं?” स्टँडवरची माणसं थांबून बघत होती. मामंजींनी मान खाली घातली. एसटीत ते माझ्यापासून दोन बाक पुढे जाऊन बसले आणि घरी आल्यावर जेवले नाहीत. मला वाईट वाटलं, पण राग त्याहून जास्त होता.

मालकांनी मुंबईत निरोप दिला आणि रविवारी वन्सं आल्या. पायावर पाणीही न घेता त्यांनी पोराचं तोंड उघडून बघितलं. “वहिनी, तुझ्यावर सोपवलं होतं ना मी?”

मी काही बोलायच्या आत झोपाळ्यावरून मामंजी म्हणाले, “तिला बोल लावू नकोस. दिलं मी. तिनं रोज अडवलं. विरारच्या स्टँडवर तर चारचौघांत ओरडली माझ्यावर, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं.”

मला वाटलं, सुटले. वन्सं माझ्याकडे वळल्या.

“चारचौघांत ओरडलीस? बाबांवर?”

म्हणजे दाढेचं राहिलंच बाजूला! दुपारभर मी सासऱ्यांशी कसं वागावं ते ऐकून घेतलं. मामंजी मधे पडायला गेले की वन्सं म्हणायच्या, “तुम्ही गप्प बसा बाबा, तुम्ही फार साधे.” संध्याकाळी त्या मधल्याला घेऊन गेल्या. बाकीची दोघं राहिली.

दुसऱ्या दिवसापासून मामंजींनी दातांचं खातं स्वतःकडे घेतलं. सुकेळं मिळायचं ते जेवणाबरोबर, एकच, आणि नंतर विहिरीपाशी दहा चुळा. पाणी ते स्वतः शेंदायचे आणि मोठ्यानं आकडे म्हणायचे. कुणी आठवर थांबलं की पुन्हा एकपासून. मग आंब्यानंतर चुळा, भाकरीनंतर चुळा. विहिरीपाशी सगळा चिखल, त्यातून पोरं ओल्या पायांनी माझ्या सारवलेल्या घरात. मी काही म्हणायला गेले तर मामंजी म्हणत, “दातांचं काम आहे सूनबाई, हयगय नको.”

चौथ्या दिवशी चौघंही तक्रार घेऊन चुलीपाशी आली. धाकटा भाचा पुढे झाला. “मामी, आजोबा नुसतं पाणी प्यायलं तरी चुळा भरायला लावतात.”

“मग भरा,” मी म्हटलं आणि फडकं घेऊन जमीन पुसायला लागले.