घर घेण्याआधी शिजवलेली डाळ

दिवाळीनंतरचा दुसरा शनिवार, दुपारी दोन. स्थळ: इंग्लंडमधलं एक विकाऊ घर. हजर: मी, माझे यजमान प्रकाश, घर दाखवणारा एजंट, तेच घर बघायला आलेलं एक गोरं जोडपं, आणि मोबाईलवर गोंडपिपरीहून मामाजी, म्हणजे माझे सासरे. शिवाय पिशवीत तीन लिटरचा कुकर.

कुकर कशाला, ते सांगते. आधीची दोन घरं आमच्या हातून गेली होती, कारण मी घर तपासायच्या यादीवर खुणा करेपर्यंत दुसऱ्यांनी ती घेतली. भाड्याचं घर फेब्रुवारीत सोडायचं होतं. (पुढे कुठे, हा रकाना रिकामा!) म्हणून या वेळी यादी एकवीस कलमांवरून बारावर आणली. तेरावं मामाजींनी घातलं.

"सूनबाई, तिथल्या पाण्यात डाळ शिजते का, पाह्यजो आधी."

"मामाजी, हे इंग्लंड आहे."

"तं? तिथं डाळ खात नाई का तुमी? आपल्या बोअरच्या पाण्यात शिजत नाई म्हणून तुह्या सासूले तीस वर्सं पितळेचा गुंड डोक्यावर घेऊन शेजारून पाणी आणा लागलं. येत्या मे महिन्यात मी येऊन राह्यलो तिथं. माझ्या कवळीले कच्ची डाळ चावत नाई!"

एजंटने वीस मिनिटं दिली होती. मी नियोजन केलं. तूरडाळ सकाळीच भिजवली आणि पाण्यासकट डब्यात भरून नेली. वेळ वाचतो!

प्रकाशने एजंटला खोल्यांच्या मापांत गुंतवलं. मी स्वयंपाकघरात डबा कुकरमध्ये ओतला, शेगडी पेटवली, मोबाईल फुलदाणीला टेकवून उभा केला.

"झाली का शिट्टी?"

"मामाजी, हळू!"

"हळूच बोलून राह्यलो!" (आयुष्य धानाच्या बांध्यांतून हाका मारण्यात गेलं. त्यांचं हळू एवढंच.)

पहिली शिट्टी झाली. वरच्या मजल्यावर गोरी बाई किंचाळली. दुसऱ्या शिट्टीला वाफ छतापर्यंत गेली आणि तिथला धोक्याचा भोंगा सुरू झाला. एजंट जिन्यावरून धावत आला. ते जोडपं त्याच्याही पुढे, थेट गाडीत! मी यादीच्या फाईलने भोंग्याला वारा घालत होते.

"हे काय चाललंय?" एजंट ओरडला.

"पाण्याची तपासणी," मी म्हणाले.

"काऊन वं, सायरन वाजून राह्यला का? वाघ शिरला का गावात?" मामाजी फुलदाणीपाशी.

भोंगा थांबला. कुकर उघडला. डाळ लोण्यासारखी! मी ती मोबाईलला दाखवली.

"घेऊन टाक!" मामाजींनी निकाल दिला.

संध्याकाळी एजंटचा फोन आला. दुसरं जोडपं त्या घरात पुन्हा पाय ठेवायला तयार नव्हतं. घर आमचं ठरलं. वकील, कागद, सगळं होऊन काल सह्या झाल्या. तिसऱ्यांदा उशीर झाला नाही, म्हणून मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला. मामाजींना फोन लावला.

"छान झालं पोरी. चवीले कसं आहे तिथलं पाणी?"

"चव कुठे घेतली, मामाजी? मी तर तिथला नळ उघडलाच..."



"मंग डाळ कोणत्या पाण्यात शिजवली वं?"

"आमच्या... भाड्याच्या घरच्या."

मग मामाजी खरोखरच हळू बोलले, "बरं. येताना गुंड घेऊन येतो."

बारा कलमांवर खुणा झाल्या आहेत. तेरावं किल्ली मिळाल्यावर. चौदावं आज घातलंय, तेही बाकी आहे: शेजारणीशी ओळख करणे. (भोंगा तिने ऐकला नसेल, तर!)