परगावच्या माणसाचा चहा

तीर्थपुरीच्या बाजारात अण्णांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, चहाचं हॉटेल आहे. गिऱ्हाईक परगावचं असलं की त्याच्याकडून पहिल्या चहाचे पैसे घ्यायचे नाहीत, हा त्यांचा जुना हट्ट. आई कपाळाला हात लावते. अण्णांचं उत्तर ठरलेलं, "पाहुणा हाये तो आपल्या गावात."

धाकट्या भावाने बापाचा नेमका हाच गुण उचलला आणि थेट पोर्तुगालला नेला. तिथे त्याने चहा-भज्यांचं दुकान टाकलं. राहण्याचा परवानाही त्याला या धंद्याच्याच जोरावर मिळालेला. मुदत संपताना दुकान खरंच चालतं आणि त्यात आपलं भागतं, हे दाखवायचं. नाही तर गाशा गुंडाळून परत. मी अंबडच्या कोर्टात वकिली करते, म्हणून नियम वाचायचं काम माझ्या गळ्यात. त्याने पाठवलेली विक्रीची बिलं बघून माझं डोकंच फिरलं. मी लगेच फोन लावला.

"दुकानात पाय ठेवायला जागा नसते म्हणतोस, मंग पैसे कुठं जाऊन राह्यले?"

"ताई, इथं येणारा सगळाच परगावचा. कोणी नेपाळचा, कोणी पंजाबचा, कोणी ब्राझीलचा. घेऊ कोणाकडून?"

आणि हा शहाणा त्याच गिऱ्हाइकाचा रोजचा पहिला चहाही 'पहिला'च धरून फुकट पाजत होता! मी वाट्टेल ते बोलले. त्याने निमूट ऐकून घेतलं आणि काही बदललं नाही. शेवटी रविवारी तीर्थपुरी गाठली आणि अण्णांनाच व्हिडिओ कॉलवर बसवलं.

"सांगा त्याला, पैसे घे म्हणून."

अण्णा फडक्याने तेच तेच टेबल पुसत राहिले. जन्मभर जे केलं ते करू नको, असं पोराला कसं सांगायचं? माझा राग कुठल्या कुठे गेला, फार वाईट वाटलं त्यांच्यासाठी.

मग ते म्हणाले, "बाळा, मी माझ्या गावात पाजतो. मला इथून जा म्हणणारं कोणी न्हाई. तिथं पाहुणा तू हायेस. पाहुण्यानं कुठं पाहुणचार करायचा असतो? पैसे घेत जा बराबर."

 त्या दिवसापासून मात्र बिलं चोख येऊ लागली.

परवाना वाढून मिळाला, तेव्हा मी हॉटेलातच होते. पडद्यावर भावाचा चेहरा नुसता फुलला होता. "अण्णा, झालं काम! आता मला इथून कोणी जा म्हणणार न्हाई!"

अण्णा हसले, "लई चांगलं झालं" म्हणाले. आणि मग त्या मोबाइलकडे नुसते पाहत राहिले. पोरगं तिकडचं झालं, हे आम्हा दोघांना एकदमच कळलं असावं. 

"मंग आता पाजत जा लोकाला चहा," अण्णा म्हणाले. "तुझं गाव झालं ते."

परवान्याची मुदत पुन्हा संपेल तेव्हा ती बिलं मलाच निस्तरायची होती, तरी मीही म्हटलं, "पाज."