बाहेरून आलेला पत्रा

लालबागच्या गल्लीत बाबांचं डेंटिंगचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे दोन गाड्या आणि आम्ही दोघं मावू एवढी जागा. गिरगावातले एक वकील आपल्या आजोबांच्या काळातली गाडी टो करून घेऊन आले, तेव्हा बाबा सत्तरीला टेकले होते. गाडीची मडगार्डं गंजून गेलेली, दारांच्या खालचा पत्रा बोटाने दाबला तरी आत जायचा.

"मिस्त्री, हिचे पार्ट कुठेच मिळत नाहीत," वकील म्हणाले.

"मग बनवायचे," बाबा म्हणाले.

चार महिने आम्ही तेच केलं. बाबा पुठ्ठ्याचा आकार कापायचे, तो नव्या पत्र्यावर आखायचे आणि पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीने त्याला गोलाई आणायचे. दिवसाला वीतभर काम सरकायचं. त्यांच्या डोळ्यांना ज्योत सोसत नव्हती, म्हणून वेल्डिंग माझ्याकडे होतं. एक टाका इथे, दुसरा पार त्या टोकाला, मध्ये ओलं फडकं. घाई केली की पत्रा तापतो आणि लाटा धरतो. एकदा मी केलीच घाई. म्हटलं, "पुट्टी भरून टाकू बाबा. रंगाखाली कोणाला दिसतंय?"

"हाताला दिसतं," ते म्हणाले. तो तुकडा त्यांनी कापून काढला आणि पुन्हा पुठ्ठ्यापासून सुरुवात केली.

प्रायमर मारल्यावर ते डोळे मिटून पत्र्यावर तळवा फिरवायचे. अडेल तिथे खडूची खूण करायचे. मग मी ओला पॉलिश पेपर घेऊन बसायचो. एके दिवशी खडू न उचलताच त्यांनी हात काढून घेतला. तेव्हा कुठे रंग लागला.

वकिलांनी आम्हाला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला बोलावलं. बाबांनी शर्टाला इस्त्री करून घेतली. एक परीक्षक वाकून मडगार्डाकडे बघत राहिले. "अप्रतिम! कुठून मिळवलंत?"

"इंग्लंडहून पार्ट मागवले," वकील म्हणाले. "इथे फक्त बसवून घेतले. काय मिस्त्री?"

बाबा आता बोलतील म्हणून मी वाट बघत होतो.

"होय साहेब," बाबा म्हणाले. "पेटीतून काढले न् बसवले."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट दाबलं. "गप रव."

गाडीला कप मिळाला. आम्हाला ड्रायव्हर लोकांच्या मांडवात जेवायला पाठवलं. परतताना टॅक्सीत मी भांडलो.

"खोटं का बोललात?"

"चार माणसांत त्यांना खोटं पाडू? गाडी त्यांची आहे."

"आणि हात कोणाचे होते?"



महिन्याभराने लोअर परळच्या टॉवरमधले एक गृहस्थ आले. तशीच जुनी गाडी त्यांच्याकडेही होती. "वकिलांना मागवून दिलेत तसेच पॅनल मलाही मागवून द्या."

"मागवलेले नव्हते," मी म्हणालो. "बाबांनी इथे हाताने घडवले."

ते हसले. "अहो, मी तिथेच होतो. तुमच्या वडिलांनीच सांगितलं ना पेटीतून काढले म्हणून?"

बाबा स्टुलावरून उठले. "नाही साहेब. मीच केले ते." हे त्यांनी कोणापुढे म्हटल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"मग तेव्हा का नाही बोललात?" गृहस्थांनी वाळूच्या पिशवीकडे एक नजर टाकली. "नको. मला बाहेरचेच पाहिजेत." गेले ते परत आले नाहीत.

बाबांनी त्यानंतर पत्रा घडवला नाही. दुपारी येऊन बसायचे, हळूहळू तेही बंद झालं. आता मी कंपनीतून आलेली तयार दारं बोल्टने बसवतो. अर्ध्या दिवसाचं काम. वकिलांचा राग येतोच. पण त्याहून जास्त राग मला बाबांचा आला होता, आणि बाबा गेले तरी तो गेलेला नाही.