सावित्रीत सोडलेले डबे

मी महाडला कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि गेली तीन वर्षं पावसाळ्यात सावित्रीत डबे सोडतो. लोणच्याची रिकामी बरणी, आत मोबाइलमध्ये असते तशी जागा टिपणारी चिप, तळाला वजनासाठी वाळू, बाहेरून तांबडा रंग. पोलादपूरच्या पुलावरून सोडायचा, महाडला जाळं लावून धरायचा. मधे रेंज नाही, म्हणून वाटेत काय झालं ते डबा हाती आल्यावरच कळतं. निम्मे येतच नाहीत. आले तर आत पाणी शिरलेलं. खरं सांगतो, कंटाळलो आहे.

तरी सोडतो ते आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकांसाठी. काकू अंथरुणाला खिळलेल्या. मागच्या पुरात चौघांनी त्यांना गादीसकट गच्चीवर नेलं, तोवर घरात कमरेएवढं पाणी. तेव्हापासून काका जिन्यात गाठून एकच विचारतात, पोलादपूरला नदी चढली की आपल्या हातात किती वेळ?

या वर्षी नदी दुथडी भरलेली असताना एक डबा जाळ्यात आला. आतली चिप भिजून गेली होती, पण सोडल्याची वेळ वहीत होती आणि काढल्याची वेळ घड्याळात. चार तास. ओल्या कपड्यांनीच काकांना सांगून आलो. एकदाच मोजलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, असं मी वर्गात घसा कोरडा करून सांगतो. पण दमलो होतो हो, आणि आकडा हवा तसा निघाला होता.

काका निर्धास्त झाले. बिरवाडीच्या लेकीने पावसाळ्यापुरती त्यांच्यासाठी खोली अडवून ठेवली होती. चार तास पुष्कळ झाले, येत नाही, असं त्यांनी कळवून टाकलं. तिने खोली कारखान्यातल्या दोघांना भाड्याने दिली.

पंधरा दिवसांनी हरवलेले डबे शोधत मी नदीकाठच्या एका वाडीत गेलो. पुरात तिथली माणसं काठावर उभी राहून वाहत आलेली लाकडं ओढतात. लाकूड ज्याने धरलं त्याचं. पण कुणाचं भांडंकुंडं आलं तर काठावर ठेवायचं, मालकाची वाट बघायची आणि कोणी आलं नाही तर पुन्हा नदीला द्यायचं, ही त्यांची रीत. एका म्हाताऱ्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं, "नदी दुथडी व्हती त्या दिशी तुमचा तांबडा डबा मीच धरला व्हता. दीड तास बसून ऱ्हायलो. कोन आला नाय, मंग सोडला परत."

वर मला चहा पाजला. त्याच्यावर काय चिडणार? डब्यावर 'हात लावू नये' एवढं लिहायची अक्कल मला नव्हती. चारातून दीड गेले, अडीच उरले. एसटीत तोंड झाकून बसलो.

काका रागावले नाहीत, तेच जड गेलं. अडीच तासांत माणसं कुठून जमवू, म्हणाले. मागच्या वेळच्या चौघांतले दोघं आता मुंबईला असतात. खोलीही गेली. मी म्हटलं, आजच वर आमच्याकडे आणू, पावसाळा संपेपर्यंत. बायकोला सांगितलं तर ती हॉलमधला सोफा सरकवायला लागली.

दुपारी काकूंना खुर्चीत बसवून आम्ही दोघांनी उचललं. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. चार पायऱ्यांतच माझा दम निघाला, काकांची पकड सुटायला लागली. खुर्ची टेकवली.

"पाणी आलं का?" काकूंनी विचारलं.

काका नाही म्हणाले. मग मला कशाला हलवता, असं त्यांनी विचारल्यावर काकांनी माझ्याकडे पाहिलं. सांगायचं मलाच होतं.

"माझं मोजायला चुकलं, काकू. तुम्हाला सांगितला तेवढा वेळ नाही."

त्यांनी आम्हा दोघांच्या घामेजल्या तोंडांकडे पाहिलं.

"आज आहे ना?" त्या म्हणाल्या. "मग बसा जरा."