डावीकडचा आरसा

“बर्ली, बर्ली, बर्ली... साकु!”

आमच्या कारखान्याच्या बोळात कुठलीही गाडी मागे येऊ लागली की आक्का हातातलं काम टाकून दारात उभी राहायची आणि हात हलवत असं ओरडायची. येऊ दे, येऊ दे, बास, एवढाच त्या कानडीचा अर्थ. गाडी कुणाची, कशाला आली, याच्याशी तिला देणंघेणं नसे. मालाचा टेम्पो असो, पाण्याचा टँकर असो, नाहीतर फुलं लावलेली नवरदेवाची गाडी असो. एकदा तर तिने पोलिसांची गाडी अशीच मागे घेतली आणि शेवटी पत्र्यावर थाप मारून “लागली बगा सरळ” म्हणाली. आतले साहेब हसले, म्हणून निभावलं.

भवानी पेठेतला आमचा कारखाना टॉवेलचा. मागावरून टॉवेल उतरले की काठ मुडपून शिवायचे, हे आम्हा बायकांचं काम. तुम्ही घरच्या टॉवेलचा काठ कधी निरखून पाहिला नसेल. कोण पाहतो? पण आमचं सगळं आयुष्य त्या दोन बोटं रुंदीच्या पट्टीत गेलं. नजर सुईखाली, सुई सरळ रेषेत, एक टॉवेल संपला की दुसरा. माझं मशीन आक्काच्या डाव्या हाताला होतं, त्यामुळे तिच्या आयुष्याची बित्तंबातमी मला आपोआप मिळायची.

आक्का अक्कलकोटकडची. वडिलांना ती अप्पा म्हणे. अप्पा ट्रक चालवायचे. गाडी खळ्याजवळ मागे घ्यायची असली की लहानग्या आक्काला ते खाली उतरवायचे आणि ती बर्ली बर्ली करत त्यांना जागेवर आणायची. कधी मोकळ्या रस्त्यावर तिला मांडीवर घेऊन स्टेअरिंगही धरू द्यायचे. “अप्पाच्या मांडीवरनं रस्ता लई मोठा दिसायचा,” असं सांगताना तिचे हात मशीनवर थांबायचे. मग मुकादम ओरडायचा.

अप्पांचं पुढचं मात्र ती हसण्यावारी न्यायची. एका दुपारी, सरळ रस्त्यावर, चांगल्या उजेडात, अप्पांच्या ट्रकने डाव्या कडेने चाललेल्या बैलगाडीला धक्का दिला. गाडीवानाचा पाय गेला. मला गाडी दिसलीच नाही, असं अप्पा सांगत राहिले. भर दुपारी अख्खी बैलगाडी दिसली नाही? गावाने निकाल दिला, पिऊन चालवत होता. त्यानंतर अप्पांनी स्टेअरिंगला हात लावला नाही. शेवटची वर्षं ते कट्ट्यावर बसून होते, कुणाशी फारसं बोलत नसत.

“पेले असतील की,” आक्का म्हणायची. “डायवर लोकांचं काय सांगावं!”

आक्का चव्वेचाळीसची झाली तेव्हा लेकीचं लग्न होऊन गेलं होतं आणि घरी फक्त ती आणि तिचे मालक. ते चादरींच्या दुकानात कामाला होते, अतिशय गरीब स्वभावाचा माणूस. एक दिवस येताना तिने रस्त्यावर मोटार क्लासची पाटी वाचली. महिलांनाही मोठी वाहनं शिकवणार. मशीन सुरू करायच्या आधीच तिने मला सांगून टाकलं, “आपुन जाऊ या की.”

“आक्का, ट्रक? या वयात?”

“वय ट्रकला कुटं कळतंय? आणि बग, पंचवीस वरसं टॉवेलच्या काठानं सरळ चाललीया मी. आता जरा रस्त्यानं जाऊ दे की. आपले टॉवेल कुटं कुटं जात्यात, आपुन हितंच!”

मालकांनी परवानगी दिली, तीही त्यांच्या पद्धतीने. “शीक,” म्हणाले. “पण मला शेजारी बसवू नकोस.”

मीही गेले. आधी छोट्या गाडीचं लायसन, मग वर्षभर थांबायचं, मग ट्रक, असा नियम. माझी मजल पहिल्या पायरीपुढे गेली नाही. भर चौकात माझी गाडी बंद पडली आणि मागच्या रिक्षावाल्याने, “अरे अम्मा, घर जाके रोटी पकाओ ना,” असा माझा उद्धार केला. मी खरंच घरी गेले आणि भाकरी थापली. दुसऱ्या दिवशी आक्का म्हणाली, “त्यो एक बोलला आन तू ऐकलीस व्हय? तुजा मालक एवडं बोलतो, त्येचं कवा ऐकतीस का?” पण मी काही परत गेले नाही.

आक्का शिकली. वर्षभर तिने कारखान्याचा छोटा टेम्पो चालवला. मागवाल्यांकडून गठ्ठे आणायचे आणि शिलाई झालेला माल पोचवायचा. बोळातली पोरं टाळ्या वाजवायची. एकदा डावीकडच्या पिंपाला टेम्पो घासला, एकदा भाजीच्या गाड्याचं चाक वाकलं. नवा ड्रायव्हर म्हटल्यावर हे चालायचंच, असं आम्ही म्हणालो.

इतर गोष्टींनाही आम्ही हसतच होतो. आक्काचा खांदा दाराच्या चौकटीला आपटायचा. शेजारी ठेवलेला पाण्याचा तांब्या तिच्या हाताने कलंडायचा. मी डबा पुढे केला तरी हाक मारल्याशिवाय ती माझ्याकडे बघायची नाही. “लायसन आल्यापासून बाईंना आम्ही दिसत नाही,” असं मी चारचौघींत म्हणायची आणि सगळ्यात मोठ्याने आक्काच हसायची.

वर्ष सरलं आणि ती ट्रकवर चढली. कागद होईपर्यंत क्लासच्या बंद मैदानातच चालवायचं होतं. मी सुट्टीच्या दिवशी बघायला जायची. शिकणारी बाकीची सगळी विशी-बाविशीची पोरं, तिला मावशी म्हणायची. शिकवणारे सर कडक होते, कुणाचं कौतुक म्हणून करायचे नाहीत. पण एकदा त्यांनी सगळ्या पोरांना ट्रकसमोर उभं केलं.

“आरसा कसा बघायचा ते मावशींकडून शिका. तुम्ही नुसते डोळे फिरवता. त्या बघा, डावीकडचा आरसा बघायला अख्खी मान वळवतात. प्रत्येक वेळी. याला म्हणतात ड्रायव्हर.”

आक्का केबिनमधून माझ्याकडे बघून अशी हसली, की मला तिच्या लेकीच्या लग्नातलं तिचं तोंड आठवलं. खरं तर लग्नातही ती इतकी खूश नव्हती.

मग ट्रकसाठी डॉक्टरचा दाखला आणायची वेळ आली; छोट्या लायसनच्या वेळी नुसत्या अक्षरांवर भागलं होतं. मी बरोबर गेले होते. वजन झालं, रक्तदाब झाला, समोरच्या भिंतीवरची अक्षरं तिने शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली. डॉक्टर तरुण होते, काम मनापासून करणारे. त्यांनी तिला समोर बसवलं. “मावशी, माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही. बाजूने माझं बोट दिसलं की सांगा.”

त्यांनी हात लांब करून बोट हलवत हळूहळू आत आणायला सुरुवात केली. आक्का शहाण्या मुलीसारखी त्यांच्या नाकाकडे बघत होती. बोट आलं, आणखी आत आलं, तिच्या गालाजवळ आलं. मला भिंतीजवळून ते दिसत होतं. डॉक्टरांचा चेहरा बदलत गेला, तोही मला दिसत होता.

आक्का म्हणाली, “दाकवा की डॉक्टर. कवा दाकवताय?”

काचबिंदू. मोठ्या दवाखान्यात मशीनवर तपासलं, तिथेही तेच निघालं. दुखत नाही, खुपत नाही, कडेची नजर गुपचूप जाते, समोरचं मात्र शेवटपर्यंत लख्ख दिसतं. काठ शिवायला समोरचंच लागतं, म्हणून तिला कळलं नाही आणि आम्हालाही नाही. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालून उरलेली जपायची. डाव्या बाजूची जवळजवळ गेली होती. ती मान वळवायची कारण तिला वळवावीच लागायची.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “घरात आणखी कुणाला होतं का? आई, वडील? हा आजार रक्तातून येतो.”

“न्हाय,” आक्का म्हणाली. आम्ही जिना उतरलो, रस्त्यावर आलो, रिक्षात बसलो. रिक्षा सुरू झाल्यावर तिने माझा हात इतका घट्ट धरला, की माझ्या बांगड्या रुतल्या.

क्लासच्या दारात बसणाऱ्या एजंटाला हे कळलंच. तो वाईट माणूस नव्हता, त्याचा धंदाच तो. “मावशी, कशाला जिवाला लावून घेताय? न बघता शिक्का मारणारे डॉक्टर हायत की. फोटो तेवडा द्या. तुमी गाडी तर लई भारी चालवता.”

आक्का विचार करते म्हणाली. खरं सांगते, ती हो म्हणेल असं मला वाटलं, आणि म्हणावं असंही वाटलं. इतकी वर्षं शेजारी बसून तिने काहीतरी मागितलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी कारखान्यात आली. जेवायच्या सुट्टीत तिने डबा उघडला आणि तसाच ठेवला.

“अप्पाला दिसलंच न्हवतं गं,” ती म्हणाली.

मला आधी कळेना.

“बैलगाडी. डाव्या कडंला व्हती. कुनालाबी पटलं न्हाय. मलाबी न्हाय. म्हातारपनी मी त्येंना ताट वाडायची, तर त्येंचा हात ताटाच्या बाजूनं चाचपडायचा, तांब्या सांडायचा. मी म्हनायची, अप्पा, आज पुन्ना घेतली व्हय? त्ये पुसून घ्यायचे धोतरानं.” तिने डब्याचं झाकण लावलं. “आता कुनाला सांगू, अप्पा पेलेले न्हवते म्हनून? त्यो गाडीवानबी न्हाय, अप्पाबी न्हाईत.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती रडली, आणि मीही रडले. आजूबाजूच्या बायकांनी मशीनं सुरू केली, म्हणजे मुकादमाला ऐकू जाऊ नये. मग ती म्हणाली, “त्या एजंटाला न्हाय म्हनून सांग. बाजूनं येकादं लेकरू आलं तर मला कोन सांगनार?”

सरांकडे ती स्वतः गेली. एकच मागणं केलं, मैदानात शेवटचं एकदा. सरांनी रविवारी दुपारी पोरांना सुट्टी दिली, फाटकाला आतून कुलूप लावलं आणि ट्रकची किल्ली तिच्या हातात ठेवली. स्वतः लिंबाखाली जाऊन उभे राहिले.

मी क्लीनरच्या जागेवर बसले. “तू डावीकडचं सांगत ऱ्हा,” ती म्हणाली.

मी सांगत राहिले. भिंत आली. सर आले. सरांची स्कूटर. एक शेळी, झोपलीय. पुन्हा भिंत. ट्रक इतका मऊ वळत होता, की आरशाला अडकवलेली लिंबूमिरची हलत नव्हती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि गिअर मात्र अचूक पडत होते. मी तिला म्हणाले, “आक्का, रडत रडत चालवू नये.” ती म्हणाली, “समोरचं दिसतंय की मला.” दर फेरीला सरांपाशी आलो की ती नुसतं एक बोट वर करायची, अजून एक म्हणून. सर मान हलवायचे. ऊन कलेपर्यंत आम्ही फिरत होतो.

शेवटी तिने गाडी भिंतीशी लावली आणि बंद केली. मी दार उघडलं. ती उतरेना.

“चला आक्का.”

“जा की तू. आले मी.”

मी खाली जाऊन सरांशेजारी उभी राहिले. ती वर बसून होती, दोन्ही हात स्टेअरिंगवर. सर कधी नव्हे ते चष्मा पुसत होते. आम्ही तिला हाक मारली नाही.

पुढे थेंब चालू होते, पण नजर आत आत येत गेली. सुईखाली बोट आलं तेव्हा तिने कारखाना सोडला. मालकांनी दुकान सोडलं आणि दोघं अक्कलकोटजवळ लेकीच्या गावी जाऊन राहिले. गेल्या दिवाळीनंतर मी भेटायला गेले. दारात बसली होती. मी बोलले तेव्हा तिने मान वळवून वळवून मला शोधलं आणि सापडल्यावर दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं.

चहा झाला, कारखान्याच्या चहाड्या झाल्या. मग तिने विचारलं, “क्लासला गेलीस का पुन्ना?”

“नाही गं. आता कुठं?”

“का? तुजे डोळे चांगले हायत की.”

एसटीची वेळ झाली होती. मालक मला सोडायला पुढे फाट्याकडे निघाले. आक्का भिंतीला धरून अंगणापर्यंत आली. मी तिच्या पाया पडले, बाजूला होऊन चपला घालू लागले. एका चपलेचा बंद निघाला होता, तो लावायला वेळ लागला.

मान वर केली तर ती समोरच्या रस्त्याकडे बघून हात हलवत होती. रस्त्यावर कुणी नव्हतं, मालकही वळणाआड गेले होते. “सावकास जा गं,” ती त्या रिकाम्या रस्त्याला सांगत होती. “पोचल्यावर फोन कर.”

मी तिच्या डाव्या हाताशीच उभी होते. हो म्हणाले असते तर मी समोर नाही हे तिला कळलं असतं. म्हणून मी चपला हातात घेतल्या आणि अंगण ओलांडून, तिच्या समोर, रस्त्यावर जाऊन उभी राहिले.