शिंप्याचे सात सेकंद

माझा दादा शिंपी म्हणून एक नंबर आणि हट्टी म्हणूनही एक नंबर. एकोणतीस वर्षं त्याच्या शेजारच्या मशीनवर बसून मी काजं-बटणं करतेय, म्हणजे हे ऐकीव नाही.

साठी ओलांडली की लोक गुडघे सांभाळतात. यानं रॉकेटं उडवायला घेतली! पुठ्ठ्याच्या नळीची, हातभर उंच, खाली अंगठ्याएवढं इंजिन. इंजिन विझलं तरी रॉकेट आलेल्या वेगात वर चढत राहतं. मग ठरलेल्या सेकंदांनी इंजिनातलाच एक छोटा बार उडतो आणि पॅराशूटची छत्री बाहेर पडते. हे सेकंद इंजिनावर छापलेले असतात, चार, सात, दहा असे. रॉकेट अगदी वर जाऊन थबकलं की छत्री उघडली पाहिजे, असा आकडा आपण निवडायचा. आहे काय त्यात?

पण दादाला पटेल तर शपथ. कपडा शिवताना आम्ही आत बोटभर कापड जास्तीचं सोडतो, त्याला माया म्हणतात. दादानं जन्मभर सढळ हातानं माया सोडली आणि गिऱ्हाइकं जाड झाल्यावर त्याला दुवा देत परत आली. तेच त्यानं सेकंदांना लावलं.

"चार लागतात ना? मग सात घेऊ. हाताशी थोडं जास्त असलेलं बरं."

"अरे दादा, कापड आहे का ते? वर गेलेलं रॉकेट तुझ्यासाठी थांबून राहणारे का?"

"तू तुझी बटणं लाव, घड्याळबाई."

पहिलं रॉकेट वर थबकलं, उलटं झालं, सुसाट खाली यायला लागलं आणि मग छत्री उघडली. दोऱ्या तटातट तुटल्या. दादा म्हणाला, शिवण कच्ची राहिली. त्यानं जाड कापड आणि दुहेरी दोरा घेतला. त्यामुळे दुसरं रॉकेट जड झालं, जड म्हणून आणखी लवकर थबकलं आणि छत्री उघडेपर्यंत आणखी जोरात पडत होतं. छत्री उभी फाटली. दादा म्हणाला, तिहेरी दोरा! मी हात टेकले. दोन्ही वेळा स्टॉपवॉच माझ्याच हातात होतं. मोजलेले आकडे मी मापांच्या वहीत लिहून त्याच्या नाकासमोर धरले, तर यानं पान उलटून कुणाच्या तरी कोटाची छाती बघितली.

ही दोन्ही उड्डाणं रॉकेटवाल्यांच्या क्लबच्या परीक्षेतली होती. इंजिन स्वतः निवडायचं आणि रॉकेट धडधाकट खाली आणायचं, मग मोठी इंजिनं वापरायचा परवाना. तीनदा नापास झालं की वर्षभर परीक्षा बंद. दादाच्या उंचीचं रॉकेट आमच्या ट्रायल रूममध्ये तयार उभं आहे. गिऱ्हाइकं त्याला खेटून पँट बदलतात. परवाना मिळाल्याशिवाय ते उडणार नाही, आणि दादाच्या डोक्यात दुसरं काही नाही.

तिसऱ्या परीक्षेला यानं फॉर्मवर पुन्हा सात लिहिलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो चहा प्यायला गेला तेवढ्यात मी रॉकेटमधलं इंजिन ओढून काढलं आणि चारचं बसवलं. दिसायला दोन्ही सारखीच.

रॉकेट वर गेलं, थबकलं आणि त्याच क्षणी छत्री फुलली. सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या.

"बघितलंस?" दादा ओरडला. "सात! म्हणे चार हवेत!"

मी दात आवळून हसले. काय करणार?

परीक्षक बाईंनी रॉकेट सगळीकडून तपासलं आणि सही करायला पेन काढलं. दादानं सवयीनं जळकं इंजिन बाहेर काढलं, चष्मा लावला आणि आकडा वाचला. मग माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी विनवलं, गप्प बस रे बाबा.

"सही करू नका बाई," दादा म्हणाला. "हे इंजिन मी निवडलेलं नाही. हिनं निवडलंय, आणि हिचंच बरोबर होतं."

बाईंनी फॉर्मवर आडवी रेघ मारली.

"डोकं फिरलंय का तुझं?" मैदानाबाहेर येईपर्यंत मी कसाबसा दम धरला होता. "हातात आलेला परवाना घालवलास! एक अक्षर बोलला नसतास तर काय बिघडलं असतं?"

तो रॉकेट काखेत धरून चालत राहिला. मग म्हणाला, "चारच का, ते सांग. पहिल्यापासून सांग. मध्ये बोलणार नाही मी."

आठ महिने याच प्रश्नासाठी मी घसा फोडत होते. त्यानं विचारला तोवर मी त्याचं एक वर्ष घालवून बसले होते. मी पिशवीतून वही काढली, पान उघडलं, पण डोळे भरून आले आणि आकडे दिसेनात. "पहिल्या उड्डाणाला..." म्हणत मी डोळे पुसायला लागले.

दादानं वही माझ्या हातातून घेतली, चष्मा नाकावर नीट बसवला आणि माझं अक्षर मोठ्यानं वाचायला लागला.